सभागृह भरलं, तपासणीची खोली रिकामी: एका कंपनीतला प्रकरण अभ्यास

कंपनी मध्यम आकाराची. साडेतीनशेच्या आसपास माणसं, त्यांत निम्म्याहून अधिक बायका. काही जणी कार्यालयात, बाकीच्या पॅकिंगच्या लाइनवर, दोन शिफ्टमध्ये. कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यात दोन सोयी आधीपासून होत्या. वर्षातून एकदा दातांची तपासणी आणि सफाई, आणि अटीच्या वयात बसणाऱ्या स्त्रियांसाठी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी. दोन्हींसाठी पदरचं काही घालावं लागत नव्हतं, तरी त्या सोयी जवळजवळ कुणी वापरत नव्हतं. मला बोलावलं तेव्हा एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "फुकट आहे, तरी कुणी जात नाही. जागरूकता कमी पडतेय. तुम्ही जरा प्रोत्साहन द्या."

औद्योगिक आरोग्याच्या कामात हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं आहे. या कंपनीत पहिल्या वर्षी मी ते तसंच्या तसं मान्य केलं. प्रकरणातली पहिली चूक तीच, आणि ती माझी होती.

ऑक्टोबर हा स्तनकर्करोग जागृतीचा महिना. आम्ही गुलाबी फिती वाटल्या, भित्तिपत्रकं लावली, सभागृहात व्याख्यान ठेवलं. डॉक्टर छान बोलल्या. 2022 साली जगात सुमारे 23 लाख स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं आणि 6 लाख 70 हजार जणी दगावल्या, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा पडद्यावर होता. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की तोंडाचे आजार जगातल्या साधारण 350 कोटी लोकांना आहेत. सभागृह भरलेलं होतं, प्रश्नही आले. तीन महिन्यांनी विम्याची नोंद मागवली, तर तपासणीला गेलेल्यांची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजता आली. त्यातल्याही बहुतेक जणी दरवर्षी जाणाऱ्याच होत्या.

मग मी व्याख्यानं थांबवली आणि शिफ्ट सुटायच्या वेळी, जेवणाच्या सुट्टीत, लाइनवरच्या बायकांशेजारी जाऊन बसायला लागले. वही बाहेर काढली नाही. त्या तीन आठवड्यांत जे ऐकलं त्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं.

आकडे कुणाच्याच लक्षात नव्हते. पण "लवकर कळलं तर बरं होतं" हे प्रत्येकीला माहीत होतं. म्हणजे माहितीची वानवा नव्हती. अडत होतं ते फार साध्या ठिकाणी. तपासणी केंद्र उघडं असायचं ते नेमकं शिफ्टच्या वेळात. अपॉइंटमेंटसाठी फोन करायचा तर लाइनवर फोन जवळ ठेवायला मनाई. अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज भरायचा तर त्यात 'कारण' हा रकाना, आणि तो कागद सुपरवायझर, विभागप्रमुख आणि वेतन विभाग अशा तीन टेबलांवरून फिरायचा. एकजण म्हणाली, "त्या रकान्यात मी काय लिहू, सांगा? सुपरवायझर माझ्या भावाच्या वयाचा आहे."

दातांचं अडणं निराळं होतं. "दुखत नाही, मग कशाला जायचं?" हे वाक्य बायका आणि पुरुष दोघांकडून आलं. त्याच्या पाठोपाठ दुसरं, "एका दाढेसाठी गेलं की चार कामं काढून ठेवतात." पहिल्या वाक्यात खरा घोटाळा आहे. हिरड्यांचा आजार बहुधा न दुखताच पुढे सरकतो. ब्रश करताना रक्त येणं, तोंडाला वास, हिरडी खाली सरकणं याकडे माणूस वर्षानुवर्षं दुर्लक्ष करतो आणि दात हलायला लागला की दवाखाना गाठतो. तोवर हाडाची झीज झालेली असते आणि ती सहजी भरून येत नाही. किडीचंही तेच. वरच्या कठीण आवरणात असेपर्यंत ती ठणकत नाही. ठणका लागतो तेव्हा ती बरीच आत पोचलेली असते आणि छोट्याशा भरणीवर भागण्याची वेळ निघून गेलेली असते.

मात्र या सगळ्याहून मोठी अडचण एका गोष्टीची होती, आणि ती गोष्ट कंपनीत सगळ्यांना माहीत होती. माहीत नव्हती फक्त एचआरला आणि मला.

दोन वर्षांपूर्वी लाइनवरच्या एका बाईंनी मॅमोग्राफी करून घेतली होती. सगळे त्यांना मावशी म्हणतात, मीही तेच म्हणेन. चार दिवसांनी केंद्रातून फोन आला, "पुन्हा यावं लागेल, डाव्या बाजूचे आणखी फोटो काढायचे आहेत." का, ते फोनवरच्या मुलीने सांगितलं नाही. तिला सांगता येण्यासारखंही नसावं. पुढची तारीख मिळाली दोन आठवड्यांनंतरची. त्या दोन आठवड्यांत मावशींनी मनातल्या मनात घराची सगळी निरवानिरव करून टाकली. लाइनवर त्या रडायच्या, बाकीच्या समजूत काढायच्या. शेवटी सोनोग्राफी झाली आणि साधी पाण्याची गाठ निघाली, काही करायची गरज नव्हती. पण शेजारणींच्या लक्षात राहिले ते आधीचे दोन आठवडे. "मावशींचं काय झालं बघितलं ना? नको ते विकतचं दुखणं."

पुन्हा बोलावणं हा मॅमोग्राफीचा नेहमीचा भाग आहे. अमेरिकेत तपासणीला आलेल्या दर शंभरातल्या साधारण दहा जणींना आणखी चित्रांसाठी परत बोलावतात आणि त्यांतल्या बहुतेकींना कर्करोग नसतो. पहिलीच मॅमोग्राफी असेल तर बोलावणं येण्याची शक्यता अधिक, कारण तुलनेला जुनी चित्रं नसतात. हे आमच्या डॉक्टरांना माहीत होतं, केंद्राला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मावशींना कुणी आधी सांगितलं नव्हतं. आमच्या व्याख्यानातही ते आलं नव्हतं, कारण बायका घाबरतील असं आम्हाला वाटलं. लपवल्यामुळे त्या किती घाबरल्या, हे त्या लाइनवर बसल्यावर दिसलं.

आणखी एक प्रश्न मला जेवणाच्या सुट्टीत विचारला गेला, आणि तो इथे नोंदवायलाच हवा. "हा फोटो काढला की मग कॅन्सर होत नाही ना?" चूक त्या बाईची नव्हती. कंपनीच्या माहितीपत्रकात दातांची सफाई आणि मॅमोग्राफी या दोन्ही गोष्टी 'प्रतिबंधक सेवा' या एकाच मथळ्याखाली छापल्या होत्या. फ्लोराइडची टूथपेस्ट, सफाई, कीड लहान असतानाची भरणी यांनी पुढचं नुकसान खरोखर टळतं. मॅमोग्राफीने कर्करोग होणं टळत नाही. असलाच तर तो लहान असताना सापडण्याची शक्यता वाढते. दोन्ही मोलाच्या, पण काम वेगळं. एकाच शब्दात गुंडाळल्या की एकीकडून खोटा दिलासा मिळतो, आणि पुढे गाठ निघाली तर "तपासणी करूनही झालाच" असा अविश्वास तयार होतो.

व्यवस्थापनासमोर मी हे सगळं मांडलं तेव्हा तिथूनही एक प्रश्न आला. यातून कंपनीचा खर्च किती वाचेल? मी आकडा दिला नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीतल्या सुमारे 33 हजार कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या शाखांत आरोग्य कार्यक्रम राबवायचा हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. दीड वर्षानंतर रक्तदाब-वजनासारख्या मोजमापांत, उपचारांच्या खर्चात किंवा गैरहजेरीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांवरच्या अभ्यासात दिसलं की अशा कार्यक्रमात आपणहून येतात ती माणसं मुळातच कमी खर्चाची आणि तब्येतीला जपणारी असतात. आमच्या सभागृहातल्या व्याख्यानानंतर झालं होतं ते हेच. त्यामुळे मी इतकंच म्हटलं की पैशांच्या बचतीसाठी हे करू नका, जमलं नाही की बंद कराल. तुम्ही देऊ केलेली सोय माणसाला वापरता येत नसेल तर ती दिलीच नाही, यासाठी करा. दोन बैठका गेल्या. वित्त विभाग नाराज होता, पण परवानगी मिळाली.

पहिला बदल रजेच्या अर्जात केला. 'आरोग्य तपासणी' असा एकच प्रकार ठेवला आणि कारणाचा रकाना काढून टाकला. मॅमोग्राफीला अर्धा दिवस, दातांना दोन तास, दोन्ही भरपगारी. केंद्रातून फक्त हजर असल्याची चिठ्ठी आणायची, आणि त्या चिठ्ठीवर तपासणीचं नाव नाही. खर्चाच्या मानाने परिणाम पाहिला तर या एका बदलाने जेवढं साधलं तेवढं कुठल्याच भित्तिपत्रकाने साधलं नसतं.

दुसरा बदल पत्राचा. "अवश्य तपासणी करून घ्या" असं लिहिण्याऐवजी प्रत्येकाच्या नावाने दिवस आणि वेळ ठरवून पत्र दिलं. वेळ बदलायची तर बदला, यायचं नसेल तर खूण करून परत द्या, कारण सांगू नका. यामागे एक जुना पुरावा आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कंपनीतल्याच मोफत फ्लूच्या लशीची आठवण कर्मचाऱ्यांना पत्राने दिली होती. काहींच्या पत्रात फक्त केंद्राच्या वेळा होत्या, काहींना कोणत्या दिवशी, किती वाजता जाणार ते स्वतःच लिहायला सांगितलं होतं. लिहायला सांगितलेल्यांत लस घेणाऱ्यांचं प्रमाण 4.2 टक्केबिंदूंनी, म्हणजे शंभरामागे साधारण चार जणांनी, जास्त निघालं. वाढ डोळे दिपवणारी नाही, पण कागदावरच्या दोन रिकाम्या जागांसाठी ती मला भरपूर वाटते.

पत्र सगळ्यांना एकच नव्हतं. व्यवस्थापनाचा आग्रह होता की "सगळ्याच महिलांची मॅमोग्राफी करून टाकू." त्याला मी ठाम नकार दिला. तरुण वयात स्तनाचा पोत दाट असतो, चित्रात गाठ वेगळी दिसणं अवघड जातं, आणि विनाकारण धावपळ वाढते. कोणत्या वयापासून तपासावं याबद्दल तज्ज्ञांतही एकमत नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने 2024 मध्ये 40 ते 74 वयात दर दोन वर्षांनी अशी शिफारस केली, तर ब्रिटनमध्ये 50 ते 71 या वयात दर तीन वर्षांनी बोलावतात. आम्ही विम्याच्या अटीत बसणारं वय धरलं. आई, बहीण, मावशी यांपैकी कुणाला लहान वयात स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल, तर वयाची वाट न पाहता डॉक्टरांशी बोला, असं वेगळं लिहिलं.

चाळिशीच्या आतल्या बायकांना काय सांगायचं यावर सिस्टरचं आणि माझं बरंच बोलणं झालं. कंपनीच्या दवाखान्यातल्या सिस्टरना दर महिन्याला स्वतःची तपासणी कशी करायची हे पायरीपायरीने शिकवायचं होतं. मी त्यांना शांघायचा अनुभव सांगितला. तिथल्या कापड गिरण्यांतल्या 2 लाख 66 हजार कामगार स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना हे तंत्र नीट शिकवलं, कामावर उजळणी घेतली. दहा-अकरा वर्षांनी पाहिलं तर स्तनकर्करोगाचे मृत्यू शिकवलेल्या गटात 135, न शिकवलेल्या गटात 131. शिकवलेल्या गटात साध्या, निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासण्या, मात्र वाढल्या. हा निष्कर्ष 2002 मध्ये आला. कारखान्यात, कामाच्या वेळात, इतक्या मेहनतीने केलेलं शिक्षण मृत्यू कमी करू शकलं नाही, हे वाचून मन खट्टू होतं, पण ते मानायला हवं. म्हणून आम्ही महिन्याचा नेम लावला नाही. आपलं नेहमीचं कसं आहे ते ओळखून ठेवा आणि बदल दिसला तर दाखवा, एवढंच ठेवलं. न दुखणारी गाठ, कातडीला खळी पडणं, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, काखेत गाठ. हेच पुरुषांच्या पत्रातही छापलं, कारण शंभरातला एखादा स्तनकर्करोग पुरुषाला होतो आणि त्याच्या ते ध्यानीमनीही नसतं.

दातांच्या पत्रात 'दर सहा महिन्यांनी' हा सगळ्यांच्या तोंडी असलेला नियम मी घातला नाही. ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं 2004 पासून सांगतात की प्रौढांसाठी दोन तपासण्यांमधलं अंतर माणसागणिक 3 महिन्यांपासून 24 महिन्यांपर्यंत असू शकतं. तंबाखू, मधुमेह, गरोदरपण, हिरड्यांतून रक्त, तोंड सतत कोरडं पाडणारी औषधं, यांतलं काही असेल तर लवकर. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं जड जातं. तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातले पांढरे-लाल चट्टेही याच भेटीत पाहिले जातात. दातांच्या डॉक्टर पहिल्या पाहणीसाठी कंपनीत यायच्या, उपचार मात्र बाहेर, ज्याच्या त्याच्या पसंतीच्या दवाखान्यात. पाहणारा आणि काम काढणारा वेगळा ठेवल्यावर "चार कामं काढून ठेवतात" ही कुरकुर बरीच ओसरली.

मॅमोग्राफीची गाडी कंपनीच्या आवारात आणायची सूचनाही आली होती. सोय झाली असती, पण त्या गाडीपुढची रांग कँटीनच्या खिडकीतून दिसली असती. आम्ही केंद्राशी बोलून शनिवार दुपारच्या वेळा राखून घेतल्या, आणि तंत्रज्ञ स्त्रीच असेल हे पत्रातच लिहिलं. त्याच पत्रात पाळी येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात जा, त्या दिवशी काखेत पावडर-डिओडरंट नको, दाब काही सेकंदच असतो पण दुखू शकतं, अशा बारीक सूचना होत्या. आणि ठळक अक्षरांत, पुन्हा बोलावलं तर त्याचा अर्थ काय. तो मजकूर लिहिताना मी मावशींना शेजारी बसवलं होतं. "घाबरू नका" हे वाक्य त्यांनी खोडायला लावलं. "घाबरायला होतंच. कुणाला फोन करायचा ते लिहा." तिथे सिस्टरचा नंबर छापला.

मध्येच एक गोष्ट घडली, जी माझ्याकडून रोखली जायला हवी होती. एका विभागप्रमुखाने उत्साहाने फलक लावला. कोणत्या विभागात किती जणींची तपासणी झाली, आणि पहिल्या येणाऱ्या विभागाला बक्षीस. चार दिवसांत एक विभाग पूर्ण व्हायला एकच नाव उरलं. सहकारी मैत्रिणी हसतखेळत मागे लागल्या, "ताई, तुमच्यामुळे आपलं बक्षीस अडलंय." त्या ताईंचा एक स्तन काही वर्षांपूर्वी कर्करोगामुळे काढलेला होता. नोकरीत येण्याआधीची गोष्ट, इथे कुणालाही माहीत नव्हती, त्यांना कळू द्यायचीही नव्हती. त्या सिस्टरकडे आल्या, दार लावून घेतलं आणि राजीनाम्याचं बोलल्या. फलक त्याच दुपारी उतरवला. पण त्यांना जे सोसावं लागलं ते उतरवता आलं नाही. तेव्हापासून मी कुठल्याही कंपनीत तपासणीची चढाओढ आणि त्यावरची बक्षिसं मान्य करत नाही. अहवाल फक्त त्या व्यक्तीकडे जातो. कंपनीला एकूण संख्या मिळते, आणि लहान विभागांची वेगळी संख्या देत नाही, कारण पाच जणांच्या खोलीत आकडा म्हणजे नावच.

दातांच्या तपासणीला प्रतिसाद लवकर आला, मॅमोग्राफीला फार हळू. आणि एक गोष्ट अशी झाली जी आम्ही योजलेली नव्हती. दातांच्या पाहणीच्या दिवशी सिस्टर बाहेरच्या बाकावर नोंदी घेत बसायच्या. वाट पाहता पाहता बायका त्यांच्याशी बोलायला लागल्या. आधी हिरड्यांबद्दल, मग हळूच दुसरं. एकीने तिथेच सांगितलं की सहा महिन्यांपासून काखेजवळ गाठ लागतेय, नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. दातांसाठी बसलेल्या बाईकडे कुणी वळून पाहत नाही, म्हणून त्या बाकावर ते बोलणं शक्य झालं. तिची गाठ निरुपद्रवी निघाली. कंपनीच्या मासिकात कुणाचा तरी 'जीव वाचला' अशी गोष्ट हवी होती, आणि ही तशी नव्हती. माझ्या लेखी तिची सहा महिन्यांची झोप परत आली, एवढं पुष्कळ होतं.

आता आम्ही किती जणी तपासणीला गेल्या यापेक्षा, ज्यांना पुढे जायला सांगितलं त्या पोचल्या का, हे पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुरू केलेल्या स्तनकर्करोग उपक्रमात पहिल्या भेटीपासून 60 दिवसांत निदान पूर्ण व्हावं असं लक्ष्य आहे. सिस्टरच्या वहीत तोच रकाना आहे. नाव, सांगितल्याची तारीख, पोचल्याची तारीख. दुसरी तारीख रिकामी असेल तर दर सोमवारी फोन. दातांसाठीही अशीच वही आहे, आणि खरं सांगायचं तर गळती तिथेच जास्त. पाहणीला सगळे येतात, भरणी करायला जायचं राहून जातं.

एक काम अर्धंच राहिलं आहे. पॅकिंगच्या लाइनवरच्या बऱ्याच बायका ठेकेदाराची माणसं म्हणून लागतात, आणि कंपनीचा विमा त्यांना लागू नाही. व्याख्यानाला त्याही बसल्या होत्या, फिती त्यांनीही लावल्या होत्या. ज्या सोयीसाठी त्यांना प्रोत्साहन देत होतो ती त्यांच्यासाठी नव्हतीच, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. यंदाच्या करारात त्यांना भरपगारी दोन तास आणि दातांची पाहणी मिळाली. मॅमोग्राफी मिळाली नाही. तोवर सिस्टर आणि बाहेरच्या एक डॉक्टर मिळून त्यांची हाताने तपासणी करतात. मुंबईत 1998 पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर झालेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अशी तपासणी केली होती. 2021 मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. म्हणून पहिल्या यादीत आम्ही वयाने मोठ्या बायका घेतल्या आहेत, आणि मावशींचं नाव त्यात सगळ्यात वर आहे. त्या निवृत्त होऊन आता ठेकेदाराकडून पुन्हा कामावर लागल्या आहेत.